एका दिवसात अलिबाग: शाळासोबत्यांची सहल २६ जानेवारीला कशी बसवावी?

तुकडी ब

नमस्कार. गिरगावातल्या एका मराठी शाळेतून १९८७ साली दहावी झालेले आम्ही तेवीस जण २६ जानेवारी २०२६ रोजी एका दिवसाच्या सहलीला निघणार आहोत आणि आखणीचे काम सर्वानुमते, म्हणजे मी त्या दिवशी गटावर हजर नसताना, माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. आम्ही आता विरार, बोरिवली, दादर, डोंबिवली आणि पनवेल असे विखुरलो आहोत, एक जण पुण्याहून येणार आहे आणि एक मैत्रीण दुबईहून पंधरा दिवसांसाठी आली आहे. अलिबागला जायचे एवढे ठरले आहे. त्यापुढे काहीच ठरत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही. त्या वेळी आम्ही एक मिनीबस ठरवली होती. साडेसहाची गाडी दादरला आठ वाजता आली आणि खोपोलीच्या आधीच तिची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. तरीही कार्ले, एकवीरा, लोहगडाचा पायथा आणि लोणावळ्याची चिक्की ही यादी आम्ही हट्टाने पूर्ण केली. रात्री साडेदहाला घरी पोचल्यावर लक्षात आले की दिवसभरात माझ्या शेजारच्या आसनावरची मैत्रीण तेवढी माझ्याशी बोलली. शेवटच्या आसनावर बसलेल्या मित्राला मी सदतीस वर्षांनी भेटत होते आणि त्याच्याशी माझे एकूण संभाषण ‘चहा घेणार का?’ आणि ‘बिनसाखरेचा असेल तर’ एवढेच झाले.

या वर्षीही यादी लांबतच चालली आहे. कुलाबा किल्ला, कनकेश्वर, सासवण्याचे करमरकर शिल्पसंग्रहालय, नागावचा किनारा आणि जमल्यास चौल-रेवदंडा असे सुचवण्यात आले आहे. आमच्यातल्या एकीची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आणखी तिघांचे गुडघे त्या वाटेवर आहेत. बोटीने जावे की रस्त्याने, यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, आमच्या बाईंना सोबत न्यावे का, हे जाणकारांनी सांगावे.

एक नाजूक गोष्टही विचारायची आहे. माणशी अठराशे रुपये वर्गणी जाहीर केल्यावर तासाभराच्या आत एका मैत्रिणीने गटावर लिहिले की त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे येणार आहेत. पाहुणे येणार नाहीत हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. तिला कसे न्यावे?

अष्टागरकर

मी थळचा. आपल्या यादीतले कनकेश्वर सर्वप्रथम काढून टाका. वर देवळापर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे ‘त्या वाटेवर’ आहेत त्यांना ती वाट झेपायची नाही. सासवणे मांडव्याहून जवळ आहे आणि नानासाहेब करमरकरांची शिल्पे खरोखर पाहण्यासारखी आहेत, पण तेवीस माणसांना बसमधून उतरवून, पाहून झाल्यावर पुन्हा गोळा करण्यात दीड तास सहज जातो. चौल-रेवदंडा हा तर स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. म्हणजे उरला किल्ला, आणि जेवायला व बसायला नागाव किंवा आक्षीची एखादी वाडी. मी आपल्या जागी असतो तर एवढ्यावरच थांबलो असतो.

आता किल्ल्याविषयी. कुलाब्याला पायी जायचे तर ओहोटी साधावी लागते आणि ती कधी लागेल हे आमच्याकडे लहान मुलेही तिथीवरून सांगतात. तिथीच्या आकड्याची तीन चतुर्थांश केली की भरतीची वेळ मिळते. २६ जानेवारीला माघ शुद्ध अष्टमी आहे; आठाचे तीन चतुर्थांश सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची. हा हिशेब ढोबळ आहे, त्यामुळे आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पण सहलीची तारीख ठरवताना पंचांग उघडून बसलेल्या माणसाला एवढा हिशेब पुरतो. आपली तारीख वेळेच्या दृष्टीने उत्तम निघाली आहे. साडेदहाच्या पुढे निघावे, किल्ला निवांत पाहावा आणि एक-दीडपर्यंत किनाऱ्यावर परतावे.

मात्र त्यात एक मेख आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी जेवढे चढते तेवढेच खाली उतरते आणि वाट कोरडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि पुरते ओसरतही नाही, त्यामुळे बारा वाजताही वाटेवर काही ठिकाणी पाणी राहील हे गृहीत धरा. पाय भिजवण्याची तयारी असलेल्यांनी चालत जावे, बाकीच्यांसाठी किनाऱ्यावर घोडागाड्या असतात. ज्यांचा गुडघा बदललेला आहे त्यांना गाडीत चढताना उंच पायरी घ्यावी लागेल आणि खडकाळ भागात गाडी हादरते. त्यांनी शल्यविशारदांना विचारूनच ठरवावे. न आल्यास त्यांच्यासोबत दोघे-तिघे किनाऱ्यावर थांबू शकतात. चपला चिखलात रुततात, तेव्हा मागे पट्टा असलेले सँडल घालावेत आणि दोन-चार जास्तीचे टॉवेल ठेवावेत.

किल्ल्यात काय पाहावे हे सांगणारे तिथेच भेटतील, म्हणून थोडक्यात लिहितो. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांच्या काळात ते पुढे गेले आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा मराठी आरमाराचा मुख्य तळ झाला. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्लंडमधल्या कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल वाचता येते. आंग्र्यांचे संस्थान कंपनीने खालसा केल्यानंतरच्या त्या तोफा आहेत, मात्र त्यांच्याजवळ उभे राहून ‘याच तोफांनी आंग्र्यांनी इंग्रजांना पळवले’ असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक सहलीत असतोच. आपल्या गटातला तो कोण हे आपणांस ठाऊक असेल.

प्रवासाबाबत माझे मत असे, की सर्वांनी एकत्र निघण्याचा आग्रह सोडावा. विरार, बोरिवली आणि दादरच्या मंडळींनी गेटवेवरून आठच्या सुमाराची बोट घ्यावी. मांडव्याला पोचायला साधारण तासभर लागतो आणि तिथून अलिबागपर्यंतची बस बोटीच्या तिकिटातच येते. पनवेल आणि डोंबिवलीकरांनी पनवेलहून एसटीने यावे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, हेही आपल्या हिशेबात धरा. सर्वांनी दहा-सव्वादहाला अलिबागच्या एसटी स्थानकावर भेटावे. शनिवार, रविवार आणि सोमवार अशी सलग सुट्टी असल्यामुळे पर्यटकांची गर्दी शनिवारीच येऊन बसलेली असते आणि सोमवारी सकाळी अलिबागच्या दिशेचा रस्ता त्या मानाने मोकळा मिळतो. संध्याकाळी मात्र ती सगळी गर्दी एकदम उठते आणि वडखळला वाहने अडकतात. परतीला चारच्या पुढे थांबू नका. मांडव्याहून शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवणे तर त्या दिवशी मुळीच शहाणपणाचे नाही. भाऊच्या धक्क्याच्या रो-रो बोटीचे आरक्षण आधी करता येते, त्यामुळे निदान परतीसाठी तिचा विचार जरूर करावा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना तिच्यात चढणे-उतरणेही सोयीचे पडते.

पापडीकर

अष्टागरकरांनी सांगितलेले सर्व मान्य करूनही विचारतो, की सलग सुट्टीच्या शेवटच्या दिवशी अलिबागच कशाला? वसईचा किल्ला पाहावा. विरार-बोरिवलीकरांना तो दाराशीच आहे, बाकीच्यांना वसई रोड स्थानकापर्यंत लोकल आहे आणि पुढे बस किंवा रिक्षा. किल्ल्याचा बराचसा भाग सपाट आहे, भरती-ओहोटी पाहावी लागत नाही आणि वर्गणी अठराशेवरून पाचशेच्या आत येते, म्हणजे आपला शेवटचा प्रश्नही आपोआप सुटतो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला हा किल्ला शाळेत असताना आपण सर्वांनी पाठ केला होता, प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडेच असतील.

जाता जाता एक सूचना: ऐन वेळी कोणी घारापुरीचे नाव काढले तर लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. मागे आमची वीस माणसे या चुकीमुळे गेटवेवर उभी राहून कबुतरे पाहून परत आली आहेत.

तुकडी ब

पापडीकर, वसईचा विचार मी गटावर मांडला. दोन विरारकरांनी ‘आम्ही रविवारी फिरायला जातो तिथे सहल कसली’ म्हणून तो पाडला. दुबईच्या मैत्रिणीला बोटीतच बसायचे आहे. आठवीत असताना शाळेची सहल याच मार्गाने गेली होती आणि त्या वेळी तिला कांजिण्या आल्या होत्या. तेव्हा अलिबाग कायम राहील.

निवृत्त बाई

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बाईंना न्यावे का, या प्रश्नाचे उत्तर बाईंच्या बाजूने द्यावे असे वाटले म्हणून लिहीत आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या अशा सहा-सात सहलींना मी गेले आहे. आमंत्रण आले की आनंद होतो, त्यात खोटे काही नाही. पण बसमध्ये बाई पुढच्या आसनावर बसल्या की मागच्या पन्नाशीतल्या माणसांचे आवाज खाली येतात, कोणी कोणाला कोणत्या नावाने चिडवायचे ते थांबते आणि मग प्रत्येक जण पाळीपाळीने शेजारी येऊन आपल्या मुलांच्या शिक्षणाची माहिती देऊन जातो. एका सहलीत माझा एक माजी विद्यार्थी, जो आता स्वतः आजोबा आहे, मला दिसू नये म्हणून टपरीच्या मागे उभा राहून सिगारेट ओढत होता. मला त्याची दया आली आणि थोडे अपराध्यासारखेही वाटले. त्याचा दिवस मी बिघडवत होते.

वयाचाही विचार करा. आपण १९८७ च्या, म्हणजे आपल्या बाई आज ऐंशीच्या घरात असणार. पहाटे उठून बोटीत बसणे, दिवसभर उन्हात राहणे आणि प्रसाधनगृह कुठे आहे हे दर वेळी कोणालातरी विचारणे त्यांना सोपे नाही, आणि ते त्या बोलूनही दाखवणार नाहीत. सहलीच्या आधी किंवा नंतर एखाद्या दुपारी चार-पाच जणांनी त्यांच्या घरी जावे. वर्गाचे जुने छायाचित्र सोबत न्यावे आणि त्यातली नावे त्यांना विचारावीत. सर्व नावे त्यांना आठवतील, आपल्याला आठवणार नाहीत.

नागावच्या वाटेवरच्या आक्षीचा शिलालेख मात्र यादीत राहू द्या, कारण तो पाहायला दहा मिनिटे पुरतात. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. मराठी शाळेतली मुले त्या गावावरून जाणार आणि तो न पाहता माशांच्या थाळीकडे धावणार, ही कल्पना मला सहन होत नाही. एवढी बाईगिरी माफ करावी.

खजिनदार

नाजूक प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही म्हणून लिहितो. आमच्या वर्गाच्या सहलींचे पैसे बारा वर्षे मी सांभाळत आहे आणि ‘पाहुणे येणार आहेत’ हे वाक्य मी निरनिराळ्या रूपांत बऱ्याचदा वाचले आहे. सासूबाईंना बरे नसते, घरी रंगकाम निघते, नेमके त्याच दिवशी लग्न असते. पहिली तीन वर्षे मी ही कारणे खरी मानत होतो.

सर्वांत आधी एक काम करा. ‘कोणी भरले’ ही हिरव्या खुणांची यादी गटावर टाकत असाल तर ती आजच बंद करावी. ती यादी टाकणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ज्याच्या नावापुढे खूण नाही तो दिवसातून दहा वेळा ती पाहतो. पैसे एकाच व्यक्तीच्या खात्यात जावेत आणि कोणाचे किती आले हे त्या एका व्यक्तीशिवाय कोणालाही कळू नये. आमच्याकडे हा नियम इतका कडक आहे, की माझ्या पत्नीलाही, जी त्याच वर्गात होती, आकडे ठाऊक नाहीत.

दुसरे असे, की अठराशे हा आकडा कुठून आला तो तपासा. बोट, एसटी, रिक्षा आणि साधे जेवण यांचा खर्च वेगळा काढला तर तो याच्या निम्म्याच्या आसपास बसेल असा माझा अंदाज आहे. उरलेले पैसे सहसा टोप्या, छापील टी-शर्ट, फलक, स्मृतिचिन्हे आणि ‘संध्याकाळच्या बसण्याची’ व्यवस्था यांवर जातात. टी-शर्ट रद्द करावेत, ते पुढे घरात लादी पुसायलाच निघतात. ज्यांना बसायचे आहे त्यांनी आपला खर्च आपल्यात वाटून घ्यावा आणि तेही बोटीच्या परतीच्या प्रवासात नको. एवढे केल्यावर जो आकडा येईल तो ‘किमान वर्गणी’ म्हणून जाहीर करावा आणि खाली एकच ओळ लिहावी: ज्यांना अधिक द्यायचे असेल त्यांनी थेट खजिनदाराकडे द्यावे, त्याची नोंद गटावर होणार नाही. आमच्या सतरा जणांत दर वर्षी चार-पाच जण जास्त देतात आणि तो फरक मी वाडीच्या बिलात जिरवतो. कोणाचे पैसे कमी पडले हे मी कधीही विचारलेले नाही. एका मित्राने सलग दोन वर्षे शंभर रुपये पाठवले आणि मी त्याला इतरांसारखाच ‘मिळाले, धन्यवाद’ असा संदेश पाठवला. तिसऱ्या वर्षी त्याने चार हजार पाठवले. मी उत्तर तेच दिले.

आता त्या मैत्रिणीविषयी. तिला ‘तू फक्त ये, पैशांचे आम्ही बघतो’ असे कृपा करून कोणी म्हणू नये. ते प्रेमाने म्हटले जाते आणि लागते मात्र फार. तिला काम देऊन त्या बदल्यात सूट देण्याचा मार्गही मला पसंत नाही; शाळेत फी थकलेल्या मुलांना बाकडी उचलायला लावत, त्याची आठवण होते. वर्गणी सर्वांसाठीच उतरली आहे, कारण टी-शर्ट रद्द झाले आहेत, एवढेच गटावर सर्वांना उद्देशून लिहावे. नंतर दोन-तीन दिवस थांबावे. फोन करायचाच असेल तर तो पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याने करू नये, शाळेत तिच्या शेजारी बसणारीने करावा, आणि सहलीचा विषय तिने स्वतः काढला तरच पुढे न्यावा.

तुकडी ब

शेजारी मीच बसत होते आणि हिशेबही माझ्याकडेच आहे. म्हणून हिशेब आजपासून डोंबिवलीच्या एका मित्राकडे दिला, जो बँकेतून निवृत्त झाला आहे आणि शाळेतही कोणाची चुगली करत नसे. यादी काढून टाकली. टी-शर्टवरून थोडी नाराजी झाली. त्यांचा रंग ज्याने निवडला होता तो दोन दिवस गटावर काही बोलला नाही, आता बोलू लागला आहे. नवी किमान वर्गणी साडेआठशे ठरली.

अष्टागरकर, आपल्याला एक विचारायचे आहे. जेवणाबद्दल गटात दोन तट पडले आहेत. नऊ जण शाकाहारी आहेत, त्यातल्या दोघी कांदा-लसूणही खात नाहीत, आणि उरलेल्यांना माशांशिवाय अलिबाग ही कल्पनाच मान्य नाही. वाडीवाल्याने पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, सुचवली. पोपटी दिवसा होते का? आणि ती सर्वांना चालेल का?

अष्टागरकर

पोपटीचे नाव निघाले हे फार चांगले झाले. जानेवारी हाच तिचा मोसम आहे, कारण वालाच्या शेंगा आता भरलेल्या असतात आणि भांबुर्डीचा पाला बांधाबांधावर उगवलेला असतो. खरी पोपटी रात्री शेतावर, थंडीत लावायची, पण वाडीवाले आगाऊ सांगितल्यास दुपारीही लावून देतात. आदल्या दिवशी नक्की सांगून ठेवावे, पाला गोळा करायला वेळ लागतो.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवतात. मग मीठ आणि ओवा चोळलेल्या अख्ख्या शेंगा, त्यात बटाटे, रताळी, वांगी, ज्यांना चालतात त्यांच्यासाठी अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे असे थर लावत जातात आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबतात. तेलाचा किंवा पाण्याचा एक थेंबही आत जात नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळे शिजते. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचून पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडाले की पोपटी झाली. मग कोणीतरी हात भाजून घेत मडके काढतो, ते केळीच्या पानांवर ओततात आणि त्या पाल्याचा कडवट, ओव्यासारखा वास सगळ्यांच्या कपड्यांना लागतो. घरी गेल्यावरही तो एक-दोन धुण्यांपर्यंत टिकतो.

आपल्या दोन तटांसाठी दोन मडकी लावायला सांगा. शाकाहारी मडक्यात कांदा-लसूण लागतच नाही, त्यामुळे त्या दोघींचाही प्रश्न मिटतो. कोणते मडके कोणते हे आधीच खडूने लिहून ठेवा, कारण जळाल्यानंतर दोन्ही सारखीच काळी दिसतात. खडूही कधी कधी जळून जातो. म्हणून एक डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला लावून एका माणसाला लक्ष ठेवायला बसवलेले बरे. मासे ज्यांना हवेत त्यांनी वाडीवाल्याकडे तळलेले बांगडे वेगळे सांगावेत.

आपल्या मागच्या वर्षीच्या तक्रारीवरही पोपटीइतका चांगला उपाय मला माहीत नाही. मडके आगीत असताना पाऊण तास कोणालाच काही करता येत नाही आणि कोणी उठूनही जात नाही. शेंगा सोलून खायच्या असल्यामुळे पुढचा तासभर हात गुंतलेले राहतात आणि फोन खिशातच राहतो. गोलात बसवा. शाळेतल्या मैत्रिणी-मैत्रिणी आणि मित्र-मित्र असे दोन गोल पडतील, ते पहिल्या दहा मिनिटांतच मोडावे लागतील.

पापडीकर

वसईत आम्हीही पोपटी लावतो, एवढी नोंद करून ठेवतो.

तुकडी ब

सर्वांचे आभार मानून काय ठरले ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल. बोटीने तेरा जण आणि पनवेलहून एसटीने दहा जण येतील, सव्वादहाला अलिबागच्या स्थानकावर भेटतील. अकरा ते एक किल्ला. गुडघा बदललेल्या मैत्रिणीने डॉक्टरांना विचारले, त्यांनी घोडागाडीला नकार दिला आहे. तिच्यासोबत किनाऱ्यावर थांबायला तीन जण तयार झाले, त्यांत शेवटच्या आसनावरचा बिनसाखरेच्या चहावाला मित्र आहे आणि मीही आहे. किल्ला मी लग्नानंतर दोनदा पाहिला आहे, तो कुठे जात नाही. त्यानंतर आक्षीचा शिलालेख, मग वाडीवर दोन मडकी, पैकी शाकाहारी डाव्या हाताला. चार वाजता निघायचे आणि मुंबईकरांसाठी रो-रोची परतीची आसने आरक्षित झाली आहेत. सासवणे, कनकेश्वर आणि चौल रद्द.

आमच्या बाई दादरला असतात. त्यांच्याकडे येत्या शनिवारी आम्ही पाच जण वर्गाचे छायाचित्र घेऊन जाणार आहोत. फोनवर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की छायाचित्रात तिसऱ्या रांगेत डोळे मिटलेला मुलगा आता काय करतो. तो सध्या टी-शर्टचा रंग निवडतो, असे मी त्यांना सांगितले नाही.

मैत्रिणीला मी फोन केला होता. आम्ही पाऊण तास बोललो, पैकी चाळीस मिनिटे तिच्या मुलाच्या नोकरीबद्दल आणि पाच मिनिटे आमच्या चाळीबद्दल. सहलीचा विषय तिने काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. काल रात्री अकराला तिने गटावर लिहिले, की पाहुणे पंचविसालाच परत जाणार आहेत.

बोटीने आता चौदा जण.